चारचा आकडा

कागदोपत्री आम्ही गाव नाही.
काउंटीच्या नकाशावर तळ्याच्या कडेला
एक बारीक ठिपका, शेजारी तिरक्या अक्षरांत
हाताया लँडिंग.
महापौर नाही, पालिका नाही, वेस नाही.
रस्त्यावरचा बर्फ जिथे आधी उपसतात
ती दुसऱ्या कुणाची तरी हद्द.
जिथे सगळ्यात शेवटी, ते आम्ही.

पण पाटी आहे.
ऑरविल स्कारनं पेट्रोलपंप बंद केला त्या वर्षी
भावफलकाचे पत्र्याचे आकडे वाया गेले असते.
त्यानं फळीवर खिळे ठोकले, दोन आकडे टांगले
आणि म्हणाला, घ्या, झालं गाव.
शिडी माझ्याकडे, म्हणून शिरगणतीही माझ्याकडे.

नियम तोंडी आहेत.
तळं गोठल्यावर ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो तो मोजायचा.
शिकागोचे बोटवाले, जूनमध्ये येणारे
आणि सप्टेंबर लागला की नळ बंद करून जाणारे,
ते पाहुणे.
कॉलेजला गेलेली पोरं पहिल्या वर्षी धरायची,
दुसऱ्या वर्षी त्यांच्या आईला विचारून.
डेल्फीन म्हणते, तिच्या माणसांची मोजणी
तळ्याला हे नाव पडायच्या आधीपासून चुकत आलीय,
तेव्हा तिला एक धरा नाहीतर दीड,
ती मासे तेवढेच धरणार.

अडचण एकच. चार एकच आहे.
दुसरा कुठल्याशा वादळात तळ्यात गेला,
म्हणून आम्ही चव्वेचाळीस कधी झालोच नाही.
मारिटला जुळं झालं तेव्हा
त्रेचाळीसवरून थेट पंचेचाळीस.
एकटं बाळ आलं नाही म्हणून
सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मार्चमध्ये ऑरविल गेला.
बर्फावरच्या खोपटात, हातात गळ, रेडिओ चालू.
जमीन कंबरभर गोठलेली, कुदळ मारली तर घण्‌ वाजते.
इथे हिवाळ्यात मेलेल्यानं थांबायचं असतं,
कब्रस्तानाच्या दगडी खोलीत, मे उजाडेपर्यंत.
शिडी घेऊन मी पाटीखाली उभी राहिले.
पाच काढू, पण लावू काय?
समोरून लेम्पी सौनातून बाहेर आली,
ऐंशी वर्षांची, टॉवेल गुंडाळलेली,
अंगातून वाफा, बर्फात अनवाणी.
म्हणाली, जमिनीनं घेतला नाही अजून,
तू कशाला घाई करतेस.

त्याच आठवड्यात खानेसुमारीची बाई आली.
टायरना साखळ्या, हातात टॅब्लेट.
किती जण राहता?
मी म्हटलं, पाटी वाचा.
तिनं वाचली. तरी प्रत्येक दार वाजवलं,
ऑरविलचंसुद्धा.
तिथे मी बुटांकडे बघत राहिले.
घर रिकामं, तिनं लिहिलं.
खाली कारण निवडायचं होतं:
विक्रीला, भाड्याला, हंगामी.
तिचं बोट बराच वेळ हवेत.
मग, इतर.

मेच्या नवव्या रात्री तळं फुटलं,
कुणी पोत्यात घालून काचा कुटाव्यात तसा आवाज, पहाटेपर्यंत.
दोन दिवसांनी त्याला पुरलं.
फावडं आत गेलं ते इतकं सहज
की खणणारा पोरगा ओशाळला.
संध्याकाळी डेल्फीन आली,
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.
ऑरविलच्या होडीतली बसायची फळी,
तोच हिरवा रंग, आणि करवतीनं कापलेला चार.
जरा जाड झालाय, म्हणाली.
तोही होता.

शिडी तिनंच धरली.

जुलैत एका पाहुण्यानं गाडी थांबवली,
पाटीचा फोटो काढला, मला विचारलं,
एक चार पत्र्याचा आणि एक लाकडाचा, असं का?

पत्रा संपला,
मी म्हटलं.